येसूबाईचं घर वगळलं

१

रविवारी सकाळी गजा लाड साजगावात शिरला, आणि धोंडूबाईने शेणाने भरलेली पाटी त्याच्या अंगावर रिकामी केली.

गजाच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. तो गावाला आनंदाची बातमी द्यायला आला होता. काकूची काहीतरी गफलत झाली असेल असं वाटून तो हसलासुद्धा. पण तिच्या मागे निम्मी आळी उभी होती आणि कुणीच हसत नव्हतं.

"काल मानूस धाडून आमचे कागद नेलेस," धोंडूबाई ओरडली, "आन आज त्वांड दाखवाया आलास?"

"कसला माणूस, काकी? मी कुणाला धाडलं नाय."

"तुजंच नाव घेत व्हता त्यो!"

गजा मुंबईच्या शेअरबाजारात वसनजीशेठ या दलालाकडे नोकरीला होता. बाजाराच्या रिंगणात उभं राहून भाव ओरडणारी माणसं वेगळी. गजाची जागा टेलिफोनपाशी. काय घ्यावं, काय विकावं, कधी गप्प बसावं हे गिऱ्हाइकांना समजावून सांगायचं आणि शेठसाठी सौदे मिळवायचे, हे त्याचं काम. गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, यावर त्याने नाव कमावलं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी भैरव ट्यूब्स नावाच्या कारखान्याने साजगावच्या जमिनी घेतल्या, तेव्हा मोबदल्याचा काही भाग शेअर म्हणून दिला होता. गावाच्या दृष्टीने ते नुसते कागद. ट्रंकेच्या तळाशी पडून राहिले. आता कलकत्त्याच्या एका मोठ्या उद्योगपतीला कारखाना हवा होता, आणि शेअर गुपचूप गोळा करायचं काम वसनजीशेठकडे आलं होतं. शुक्रवारी शेठने गजाला बोलावून सांगितलं, "तुझं गाव आहे. चांगला भाव दे आणि कागद आण." गजा त्यासाठीच आला होता.

पण शनिवारीच सफारी घातलेला एक माणूस गावात येऊन गेला होता. कारखान्याला टाळं लागणार, कागदांची रद्दी होणार, मिळेल तेवढं पदरात पाडून घ्या, गजाभाऊंनी तुमच्यासाठी मला मुद्दाम पाठवलंय, असं त्याने घरोघर सांगितलं. लोकांनी भराभर सह्या करून कागद दिले. संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटली आणि कामगारांनी खरी बातमी आणली. टाळं कसलं, कारखाना तर पूर्वीपेक्षा जोरात चालला होता.

"कुणीतरी माझं नाव वापरलंय," गजा म्हणाला.

धोंडूबाई पुढे आली. आता ती ओरडली नाही.

"मंग तुज्या आत्याचं घर का सोडलं त्यानं? मी माज्या कानानं ऐकलं. हितं आळीच्या तोंडाशी उभा राहून म्हनला, येसूबाईकडं जायाचं नाय, गजाभाऊंनी सांगितलंय."

२

"आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?" सोमवारी सकाळी वकील मैना थोरवेंनी विचारलं.

कर्जतच्या कोर्टासमोर त्यांची दोन खोल्यांची कचेरी होती. मैनाताई तालुक्यातल्या लोकांचे कज्जे कमी लढवायच्या आणि समजुतीच जास्त घालायच्या. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहत, आणि हे भल्याभल्यांना जड जाई.

गजा मान खाली घालून बसला होता. त्याला इथवर धरून आणलं होतं ते पदूने. पदू म्हणजे पद्माकर दळवी, गजाचा शेजारी आणि लहानपणापासूनचा जोडीदार. आधी तो मुंबईला गेला, वसनजीशेठच्या रिंगणात सौदे ओरडू लागला, आणि मग त्यानेच गजाला बोलावून फोनवरची जागा मिळवून दिली. गजाला सख्खा भाऊ नव्हता. विचारलं तर तो पदूचं नाव सांगायचा.

"तो काय उत्तर देणार, ताई?" पदू म्हणाला. त्याच्या गळ्याला मफलर होता आणि आवाज घोगरा येत होता. "गाव ऐकून घेईना. शेठने तर आजपासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. लोक पोलिसात जायचं म्हणतायत. माझ्या बापाचे कागदसुद्धा त्या माणसाने नेले. तरी मी सांगतो, गजा असं करणार नाही."

"कलकत्त्याच्या सौद्याचं कुणाकुणाला माहीत होतं?"

"शुक्रवारी केबिनमध्ये आम्ही तिघंच," गजा म्हणाला. "शेठ, मी आणि पदू. आणि कारखान्यात शेअरचं काम बघणारे हिरामण म्हात्रे. शेठ त्यांच्याशी फोनवर बोलले."

"म्हणजे चौघं. बाहेरच्या माणसाला यांच्यापैकीच कुणीतरी सांगितलं." मैनाताई गजाकडे वळल्या. "तुमच्या आत्याचं घर का वगळलं असेल?"

गजाने मान वर केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पदूकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

"माहीत नाय," तो म्हणाला.

पदूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तेवढी एकच गोष्ट याच्या विरुद्ध जातेय, ताई. येसूआत्याला वाचवलं म्हणून."

मैनाताईंनी मान डोलावली. पण गजा आत्ता खोटं बोलला होता, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

३

वसनजीशेठ टेलिफोनवर लगेच सापडले. त्यांनी कलकत्त्याच्या पार्टीला बुधवारपर्यंत थोपवून धरलं होतं. गजाने दगा दिला यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, पण न बसूनही चालत नव्हतं.

"त्याच्या आत्याबद्दल तुम्ही काय ऐकलंत?" मैनाताईंनी विचारलं.

"आत्या? एने आत्या छे?" शेठ गोंधळून म्हणाले. "बाई, मला त्याच्या बापाचं नाव धड माहीत नाही."

हिरामण म्हात्रे कारखान्याच्या फाटकाबाहेर भेटले. कपाळ पुसत, आजूबाजूला बघत ते बोलत होते. बोट आपल्याकडे वळेल याची त्यांना धास्ती होती.

"मी कुणाला काय सांगितलं नाय, ताई. माझी दोन लग्नाची मुलं आहेत."

"साजगावच्या येसूबाईंच्या नावावर शेअर किती आहेत?"

हिरामण चपापले. "त्याचं मी बोलणार नाय. म्हातारीने शपथ घातलीय. तुम्ही तिलाच विचारा."

येसूबाई अंगणात वाल निवडत बसली होती. भाचा वकिलाला घेऊन यायच्या ऐवजी वकीलच एकटी आली, याचं तिला काही वाटलं नाही. पाट सरकवून तिने मैनाताईंना बसवलं.

"माजं घर वगळलं म्हंत्यात," ती म्हणाली. "वगळून काय करनार? माज्याकडं कागद हायेच कुठं!"

"म्हणजे?"

"गेल्या दिवाळीलाच मी ते मंगळीच्या नावावर केलं. वर ठाकूरवाडीतली मंगळी. कारखान्यात गेलेलं आमचं खाचर तिच्या सासूनं कसलं, मंग तिनं कसलं. सातबाऱ्यावर नाव माज्या मालकाचं. जमीन गेली तवा कागद आमाला मिळालं, तिला काय?" येसूबाईने खडा बाजूला टाकला. "गजानं सगळं करून दिलं, कारखान्यात त्या हिरामणनं नाव चढवलं. मी दोगांना बी शपथ घातली, कुनाला बोलायचं नाय. पदूला तर नायच नाय."

"पदूला का नाही?"

"त्याच्या बापाच्या, धोंडीच्या कानावर गेलं असतं ना. त्याचं खाचर बी ठाकरंच कसत व्हती. धोंडीनं गावभर बोंब केली असती, म्हातारीनं चाल पाडली, आता आमाला बी द्याया लागल म्हनून."

मैनाताई उठल्या. गजा का गप्प बसला ते कळलं होतं. पण त्याहून महत्त्वाचं त्यांना आत्ता, चप्पल पायात सरकवताना कळलं.

"येसूबाई, मंगळीचे कागद आहेत ना तिच्याकडे?"

म्हातारीचे हात थांबले.

"तिला कुनी विचारलंच नाय," ती म्हणाली.

४

मंगळीने विचारायच्या आत सांगितलं. शनिवारी ती गवताचा भारा विकायला खाली आली होती. सगळे कागद देतायत म्हटल्यावर ती घाबरली, पळत वाडीवर गेली आणि आपला कागद घेऊन आली. तो माणूस नाक्यावर जायला निघालाच होता.

"त्यानं बगलं, मांगं फिरवून बगलं," मंगळी म्हणाली. "मला म्हने, ह्ये तं येसूबाईचं हाय. मी म्हनलं, माजं हाय आता. मंग हासला आन अंगठा घेतला."

तिचा नवरा शुक्रा दाराशी टेकून उभा होता. दिलेल्या नोटा त्याने अजून मोडल्या नव्हत्या. त्या पुढे करून तो म्हणाला, "ह्ये घ्या आन आमचा कागद आना." मैनाताईंनी नोटा त्याच्या हातात परत ठेवल्या.

उतारावरून खाली येताना त्यांनी सगळं एका ओळीत लावून पाहिलं. चोरी करणारा माणूस आळीच्या तोंडाशी उभा राहून, लोकांना ऐकू जाईल असं मालकाचं नाव घेत नाही. ते वाक्य ऐकवण्यासाठीच होतं. गजावर आळ यावा म्हणून ते कुणीतरी त्या माणसाला पढवलं होतं.

पढवणाऱ्याला येसूबाई गजाची आत्या आहे हे माहीत होतं. शेठला ते माहीत नव्हतं. आणि पढवणाऱ्याला तिचे कागद मंगळीकडे गेलेत हे माहीत नव्हतं, नाहीतर रिकामं घर वगळण्यात काय अर्थ? हिरामणने तर ते नाव स्वतः चढवलं होतं.

उरला एकच. पण त्याच्या स्वतःच्या बापाचे कागद गेले होते.

५

मंगळवारी दुपारी चौघंही कर्जतच्या कचेरीत जमले. शेठ गाडी घेऊन आले होते आणि सारखं घड्याळ बघत होते. हिरामण रुमालाशी चाळा करत होते. गजा कोपऱ्यात, आणि त्याच्या शेजारी पदू.

"थोडक्यात सांगते," मैनाताई म्हणाल्या. "गेलेल्या गठ्ठ्यात येसूबाईच्या कागदात खोट आहे. विकणाराचा अंगठा असला की त्यावर मॅजिस्ट्रेटची साक्ष लागते. ती तिथे नाही. कलकत्त्याची माणसं एक कागद खोटा निघाला की सगळा गठ्ठा तपासायला घेतील, आणि हा कुठून आला म्हणून विचारतील."

हिरामणने घाईघाईने खाली पाहिलं.

शेठ वैतागून म्हणाले, "पण त्या बाईकडे तो माणूस गेलाच नव्हता ना? तुम्हीच फोनवर बोललात. मग तिचा कागद गठ्ठ्यात कुठून आला?"

"साक्ष मागाहून घेतली तर चालते का, ताई?" पदूने विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत घेतली तर चालेल," मैनाताई म्हणाल्या. "त्यानंतर उपयोग नाही."

बैठक तिथेच संपली. शेठ आणि हिरामण गेले. पदूही गजाला "संध्याकाळी घरी येतो" असं सांगून गेला. मैनाताईंनी दार लोटून घेतलं.

"गजाभाऊ, काल याच खुर्चीत बसून पदू म्हणाला, येसूआत्याला वाचवलं ही एकच गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते. म्हणजे त्याच्या मते तिचे कागद घरीच असायला हवेत. आज मी म्हटलं, तिचा कागद गठ्ठ्यात आहे. शेठना लगेच आश्चर्य वाटलं. ज्याला माहीत नाही त्याला वाटणारच. हिरामणला सगळं माहीत आहे, तो गप्प राहिला. पदूने मात्र आश्चर्य सोडून थेट उपाय विचारला. त्याने तो कागद बघितलाय."

गजा उठून उभा राहिला. "नाय. ताई, मी मुंबईत उतरलो तेव्हा त्याने आपल्या खाटेवर मला झोपवलं आणि स्वतः खाली झोपला. पावसाळाभर. तुम्ही त्याला वळखत नाय."

"असेल."

"त्याच्या बापाचे कागद नेलेत! कुणी स्वतःच्या बापाला लुबाडतं?"

"नेले ते कुणी?" मैनाताईंनी शांतपणे विचारलं. "बापाचे कागद बापाच्या ट्रंकेतून लेकाच्या पिशवीत गेले, गजाभाऊ. गावाला मात्र तो लुबाडलेला दिसला."

गजा पुन्हा खुर्चीत बसला.

"उद्या सकाळी वाडीवर या," मैनाताई म्हणाल्या. "माझं चुकलं तर तुमच्यासमोर त्याची माफी मागेन."

६

शुक्राच्या झोपडीत चुलीजवळ गजा बसला होता. मनातल्या मनात तो एकच घोकत होता, कुणी येऊ नये. आपल्यावरचा आळ राहिला तरी चालेल, पण कुणी येऊ नये.

ऊन अंगणात आलं तेव्हा सफारीवाला चढ चढून आला. हातात कातडी पिशवी, कपाळावर घाम. मंगळीला तो गोड आवाजात म्हणाला, "ताई, खोपोलीला चल. साहेबापुढं एकदा अंगठा द्यायचाय. गाडीनं नेतो."

शुक्राने मागून येऊन त्याची पिशवी धरली. वाडीतली माणसं आधीच तयार होती. झटापट फारशी झालीच नाही. मैनाताई झोपडीतून बाहेर आल्या तेव्हा तो माणूस पोपट असं आपलं नाव सांगून, मी नुसता हमाल आहे, खरा माणूस खाली आहे, असं रडकुंडीला येऊन बोलत होता. गावाचे सगळे कागद त्या पिशवीतच होते. साक्ष झाली की तिथूनच मुंबईला न्यायचे होते.

गजा कुणाशी न बोलता उतार उतरू लागला.

खाली रस्त्याच्या कडेला भाड्याची टॅक्सी उभी होती. पदू मागच्या सीटवर बसला होता. गजाला एकट्याला येताना बघून त्याने दार उघडलं, पण उतरला नाही.

"पोपट कुठंय?"

"वर."

पदूने मफलर सोडला आणि मांडीवर घेतला. पळून जाण्याची घाई त्याला दिसत नव्हती.

"डॉक्टरने ओरडायचं बंद करायला सांगितलंय," तो म्हणाला. "कायमचं. रिंगणात आवाज नसलेल्या माणसाला कोण ठेवणार? शेठ होळीनंतर मला सोडणार होते. आणि तुला मोठी खुर्ची देणार होते. मला कळलं होतं."

"मला ठाव नव्हतं, पदू. मला सांगायचंस."

"सांगून काय झालं असतं? तू तुझ्या हाताखाली मला ठेवून घेतलं असतंस. दया केली असतीस."

"म्हणून माझं नाव पुढं केलंस?"

"दुसऱ्या कुणाच्या नावाने गावाने ट्रंक उघडली असती?" पदूचा आवाज आता जेमतेम येत होता. "माझं नाव सांगितलं असतं तर माझ्या बापाने पण कागद दिला नसता. तुझ्या नावावर दिला. विचारलंसुद्धा नाय."

"आणि आत्याचं? ते तर कागद मिळवण्यासाठी नव्हतं. ते मला अडकवण्यासाठी होतं."

पदू मांडीवरच्या मफलरची घडी घालू लागला.

"परवा तू मला वकिलाकडे नेलंस, पदू. बसमध्ये तिकीट पण तू काढलंस. खांद्यावर हात ठेवलास." गजाने टॅक्सीच्या दारावर हात टेकला. "तो हात का ठेवलास?"

"तू काय काय बोलतोस ते मला ऐकायचं होतं," पदू म्हणाला.

गजाने टॅक्सीचं दार लावलं. त्याला आणखी काही ऐकायचं नव्हतं.

७

गावाचे कागद परत मिळाले आणि पोपट आणि पदूला पोलीस घेऊन गेले. पण फिर्याद द्यायची वेळ आली तेव्हा ठाण्याच्या ओट्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. धोंडूबाईसुद्धा पदराआड तोंड लपवून उभी राहिली. सफारीवाला परका होता तोवर ठीक होतं. पदू त्यांच्या डोळ्यांसमोर वाढला होता.

"तुमची फिर्याद नसेल तर मी याला किती वेळ बसवून ठेवू?" फौजदार म्हणाले.

तेव्हा धोंडी दळवी पुढे आला. पदूचा बाप. त्याने टोपी काढून काखेत धरली.

"माजं नाव पयलं घाला, सायेब," तो म्हणाला. "पोरगा माजा हाय. मला बी फसवलंय त्यानं."

त्याने सही केली, सावकाश, आपलं नाव जेवढं लिहिता येत होतं तेवढं. मग बाकीच्यांनी केल्या. मंगळीने अंगठा दिला. येसूबाईने मंगळीचा हात धरून तिला ओट्यावरून खाली उतरवलं, आणि त्या दोघींना असं हात धरून चालताना गावात पहिल्यांदाच सगळ्यांनी पाहिलं. धोंडीनेही पाहिलं. बोंब न करता त्याने टोपी डोक्यावर ठेवली.

वसनजीशेठचा निरोप आला होता, सोमवारपासून कामावर ये. लोक गजाभोवती घोटाळत होते. धोंडूबाई त्याच्या बाहीला हात लावून काहीतरी पुटपुटली. चूक झाली, असंच असावं. गजाने मान डोलावली. या सगळ्यांचं आपल्याला काहीच वाटत नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

धोंडी त्याच्याजवळ आला.

"गजा, माज्यासंगं घरी येतोस का रं? पदूच्या आयला अजून कायच ठाव नाय. माज्याच्यानं सांगवनार नाय. तुला बोलाया येतं."

दोघं खळ्याच्या कडेने चालत गेले. भात झोडून झालं होतं, पेंढ्याच्या गंजी लागल्या होत्या. गजा पहिलं वाक्य शोधत होता. मुंबईत अनोळखी गिऱ्हाइकाचा फोन घेतल्याबरोबर ते त्याला आपोआप सुचायचं. आता घर दिसू लागलं तरी सुचेना.

दारात पदूची आई चंद्राबाई तांदूळ पाखडत होती. दोघांना येताना पाहून तिने सूप खाली ठेवलं. एक डोळा बारीक करून ती त्यांच्या मागच्या वाटेकडे बघू लागली.

"आन पदू रं?" तिने गजाला विचारलं. "तुज्यासंगंच व्हता ना त्यो?"